महाराणीच्या केसांवरचा विनोद

आमच्या घरात माणसं चार आणि डोकी एकोणतीस. चार आमच्या मानेवरची, बाकी पंचवीस लाकडाची, समोरच्या खोलीत फळ्यांवर ओळीनं मांडलेली. लग्न होऊन आले तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू घेऊन त्या खोलीचं दार ढकललं आणि अशी किंचाळले की शेजारी धावत आले. वन्सं खिडकीपाशी बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घाबरू नकोस, ती उलटून बोलत नाहीत." मी काय समजायचं ते समजले. त्याला आता बावीस वर्षं झाली आणि मी अजून उलटून बोलते.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची सोय नाही. केसांचे टोप करतात. बाजारात टांगलेले असतात ना, डोक्यावर घरटं ठेवल्यासारखे दिसणारे, ते नव्हेत. गिऱ्हाइकाच्या डोक्याचं माप दोऱ्यानं घ्यायचं, कपाळापासून मानेपर्यंत, या कानापासून त्या कानापर्यंत. त्या मापाच्या लाकडी डोक्यावर बारीक जाळी ताणायची आणि आकडीनं जाळीच्या एकेका भोकातून एकेक केस ओढून गाठ मारायची. एक केस, एक गाठ. एका टोपाला सहा आठवडे लागतात. कपाळाकडच्या दोन ओळींना त्यातले दहा दिवस, कारण खरंखोटं तिथंच कळतं. आणि या सहा आठवड्यांत माझ्या चहात केस, पिठात केस, उशीवर केस. सुरुवातीला मी ह्यांच्यावर संशयसुद्धा घेतला होता, आता हसू येतं.

वन्संना दागिन्याची हौस नाही, कपड्याची नाही, गप्पांची तर नाहीच नाही. एकच गोष्ट मिरवायच्या. विशीतच त्यांच्या डाव्या कानामागे एक पांढरी बट आली होती. टोप पुरा झाला की त्या बटेतला एक केस उपटायचा आणि टोपात डाव्या कानामागे, आतल्या बाजूला, बांधून टाकायचा. हे सुरू झालं एका नाटकवाल्यामुळे. त्यानं भर कार्यक्रमात सांगितलं, हा टोप परदेशातून मागवला. वन्सं तिथंच मागे उभ्या होत्या. घरी आल्या आणि दोन दिवस धड जेवल्या नाहीत. त्यानंतरच्या प्रत्येक टोपात तो पांढरा केस आहे. धंद्यातल्या जुन्या माणसांना कान बाजूला करून दाखवायच्या, "बघ, ही माझी सही." एरवी दगडासारखा चेहरा, पण तेवढं दाखवताना असा खुलायचा!

त्या जुन्या माणसांत एक होता पिपाणी. आवाज तसा म्हणून सगळे पिपाणी म्हणतात, त्याची आईसुद्धा. टीव्हीवर दर शनिवारी मोठ्या लोकांच्या नकला करतो. मंत्री, खेळाडू, गायिका, कोणाला सोडत नाही. त्याचे सगळे टोप वन्संचे. शुक्रवारी दुपारी चित्रीकरण, आणि बुधवारी हा आमच्याकडे येऊन स्टुलावर बसणार, नवे विनोद करून दाखवणार. माझ्या मुलीमुळे अख्खं जग वन्संना आत्या म्हणतं, तसा तोही म्हणायचा. "आत्या, हे चालेल?"

आणि आत्या आकडी चालवता चालवता सांगायच्या. त्यांचा एक नियम होता आणि तो पिपाणीला पाठ झाला होता. माणसानं आपणहून अंगावर चढवलंय त्याची हवी तेवढी सालं काढ. जे अंगावर येऊन पडलंय त्याला हात लावू नकोस. मंत्र्याचे रंगवलेले केस? खुशाल. गायिकेचे आठ आठ हारतुरे? जरूर. एकदा त्यानं एका खेळाडूची लंगडी चाल काढली. हुबेहूब! मी टाळ्या वाजवल्या. वन्सं म्हणाल्या, "पाय त्याला पडून मोडलाय. त्याचे ते सोनेरी बूट कर की. ते त्यानं दुकानात जाऊन, आरशात बघून घेतलेत." पिपाणीनं बूट केले. त्या शनिवारी लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले होते.

मला स्वतःला हा नियम जास्तच सोवळा वाटायचा. मी तोंडावर सांगायचे, "वन्सं, एवढं नाव, एवढा पैसा, घरासमोर फोटोवाल्यांची रांग. मग थोडं हसलं कोणी तर काय बिघडलं? आपल्याला कोण विचारतंय? आपल्यावर कोणी विनोदसुद्धा करत नाही." त्या म्हणायच्या, "तुझ्यावर रोज करते मी." झालं. तिथं विषय संपायचा.

पिपाणीची सगळ्यात गाजलेली नक्कल म्हणजे महाराणी. ही मोठी नटी. वीस वर्षांपूर्वी एका चित्रपटात राणी झाली आणि सिंहासनावरून खाली उतरलीच नाही, असं लोक म्हणतात. कोणाला हाक मारत नाही, टाळी वाजवते. एक टाळी, पाणी येतं. दुसरी टाळी, गाडी येते. आवाज चढवत नाही. हळू बोलते आणि समोरच्याला घाम फुटतो. आणि केस! कमरेच्या खाली. पिपाणीसाठी तो टोप वन्संनी दोन वर्षांपूर्वी केला होता. तो घालून हा टाळी वाजवायचा आणि पोरंसोरं घरी तशीच टाळी वाजवून आयांचा मार खायची.

आता दुसरी गोष्ट सांगते. पाच महिन्यांपासून दर मंगळवारी दुपारी आमच्या मागच्या दारानं एक बाई यायची. डोक्याला रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा. वन्सं आतला पडदा ओढून घ्यायच्या. वहीत नाव नाही, फक्त आकडा, सतरा. मी चहा न्यायचे तर पडद्यातून नुसता हात यायचा. असल्या गिऱ्हाइकांबद्दल वन्सं कोणाला ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत, पण मी घरचीच ना? मी खोदून खोदून विचारलं. "सतरा नंबर," एवढंच उत्तर. माझा असा संताप व्हायचा! बावीस वर्षं यांच्या केसांचा कचरा काढतेय, आणि एक नाव सांगवत नाही?

त्या बुधवारी पिपाणी आला तो नाचतच. दार वाजवायचं सोडून गाणं म्हणत आत शिरला.

"आत्या! वहिनी! पाणी नको, चहा नको, आधी ऐका. वर्षातला सगळ्यात मोठा विनोद सापडलाय."

त्यानं पिशवीतून महाराणीचा टोप काढला आणि डावा कान उघडा करून आम्हाला पांढरा केस दाखवला. म्हणाला, "ही आत्यांची सही, बरोबर? परवा महाराणीची मुलाखत बघत होतो. बोलता बोलता तिनं केस कानामागे सारले. कॅमेरा जवळ होता. आणि मला काय दिसलं? एक पांढरा केस! त्याच जागी! मी चित्र थांबवलं, टीव्हीला नाक लावून बघितलं. आत्या, तिचा टोप आहे! कमरेपर्यंतचे ते केस, ज्यांच्यावर लोकांनी गाणी लिहिली, ते तुम्ही आकडीनं बांधलेत!"

मी डोळे फाडून वन्संकडे बघितलं. वन्संची आकडी थांबली होती.

"आता बघा," म्हणत पिपाणी टोप हातात घेऊन उभा राहिला. त्याचा चेहरा बदलला, मान ताठ झाली, पापण्या खाली आल्या. टाळी. "चहा." कोणीतरी चहा आणल्यासारखा कप घेतला. टाळी. "गाडी." खिडकीतून गाडी बघितली. मग आपल्या टकलावरून हात फिरवला, आणि टाळी. "केस." वाट बघितली. पुन्हा टाळी. "केस!" मग दुसऱ्या हातानं तो टोप धावत धावत, धापा टाकत आल्यासारखा आणला, आणि त्या टोपावर असा काही खेकसला, "इतका उशीर? कुठे होतात?" आणि तो टोप बिचारा त्याच्या हातात मान खाली घालून उभा!

काय सांगू, मी हसून हसून भिंतीला टेकले. डोळ्यांतून पाणी आलं, पोटात कळ आली. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना. मग वन्संकडे लक्ष गेलं आणि माझं हसू जागच्या जागी विरलं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोणाला सांगितलंस हे?" त्यांनी विचारलं.

"अजून कोणालाच नाही. परवा चित्रीकरण. आधी तुमच्याकडेच आलो, नेहमीसारखा."

"करू नकोस."

पिपाणीला वाटलं, थट्टा करतायत. मग कळलं, नाही. तो स्टुलावर बसला आणि बोट नाचवत म्हणाला, "आत्या, तुमचाच नियम आहे हं. आपणहून चढवलंय त्याची सालं काढ. टोप काय आभाळातून पडला तिच्या डोक्यावर? तिनंच चढवला ना?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा मी वन्संना गप्प झालेलं बघितलं. म्हणजे त्या गप्पच असतात, पण ते वेगळं. हे तोंडात मारल्यासारखं होतं. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. मंगळवार. मागचं दार. रुमाल. बाई टोप लावते ती हौसेनं नव्हे. टोप तिनं चढवला असेल, पण त्याच्याखाली जे झालं होतं ते येऊन पडलेलं होतं. वन्संना हे ठाऊक होतं, आणि तेवढं एक वाक्य बोलल्या असत्या तर पिपाणी तिथंच वितळला असता. तो काही वाईट पोरगा नाही. पण ते वाक्य त्यांचं नव्हतं, सतरा नंबरचं होतं. मी तोंड उघडलं तशी त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मी तोंड मिटलं. माझ्या आयुष्यात हे फार वेळा झालेलं नाही.

वन्संनी आकडी उचलली, चार-पाच केस बांधले. मग विचारलं, "मुलाखत किती लोकांनी बघितली असेल?"

"लाखांनी."

"पांढरा केस किती जणांना दिसला?"

"दिसला असेल बऱ्याच जणांना. वय झालं, म्हणाले असतील."

"आणि टोप आहे हे किती जणांना कळलं?"

"मला एकट्याला!" पिपाणी छाती पुढे काढून म्हणाला.

"तुलाच का?"

"कारण तुम्ही मला सही..." तो थांबला.

"मी दाखवली," वन्सं म्हणाल्या. "माझ्या घरात, या स्टुलावर बसवून, आपला माणूस म्हणून दाखवली. तू तिला बघून हा विनोद केला नाहीस. माझ्या कपाटात हात घालून काढलास. ती टाळी वाजवते हे सगळ्या जगाला दिसतं. त्यावर तू हवं ते कर, ती तिनं जगासमोर मांडलेली गोष्ट आहे. पण शिंप्याकडून, डॉक्टरकडून, टोपवालीकडून जे कळतं, त्याला विनोद नाही म्हणत. त्याला चहाडी म्हणतात. हसू येईल, नाही म्हणत नाही. ही बघ, भिंतीला टेकून हसली."

माझे कान तापले.

"आणि आणखी एक. गेल्या वर्षी तुझी ती दातांच्या डॉक्टरची नक्कल दुसऱ्या वाहिनीवरच्या एकानं उचलली तेव्हा तू इथंच बसून रडला होतास. म्हणालास, माझ्या घरातून नेली. आता सांग, हा विनोद कोणाच्या घरातला? माझ्या. आणि मी देत नाही."

पिपाणी ताडकन उठला. "म्हणजे मी चोर?" असा लालबुंद झाला होता! "आत्या, मला दर आठवड्याला पाच मिनिटं लोकांना हसवावं लागतं. न हसवलं तर पुढच्या आठवड्यात माझ्या जागी दुसरा. तुमचं बरं आहे, तुमची डोकी लाकडाची आहेत." टोप पिशवीत कोंबला आणि गेला. दार एवढं आपटलं की दोन डोकी फळीवरून खाली आली.

मी ती उचलताना म्हटलं, "वन्सं, त्यानं केलं तर?"

"तर ते माझ्यामुळे झालेलं असेल," त्या म्हणाल्या. "मी सही केली नसती तर त्याला काही दिसलंच नसतं. तिच्या टोपात सही करायची काय गरज होती मला? ती कोणाला दाखवणार होती? पण हात वळला. एवढा सुंदर टोप झाला होता, राहवलं नाही."

असं त्या कधी बोलत नाहीत. मला भीतीच वाटली. ती बाई कोणालाही न सांगता औषधपाणी करत होती, कामावर जात होती, आणि येत्या शनिवारी अख्खं गाव तिच्या डोक्याकडे बोट दाखवून हसणार होतं, तेही आमच्या घरातून गेलेल्या एका केसापायी.

गुरुवारी सकाळी दारावर थाप पडली. पिपाणी. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. आत आला नाही, उंबऱ्यातच उभा राहिला.

"काढला," म्हणाला. "पाच मिनिटं रिकामी झालीत. निर्माता मला कच्चा खाणार आहे. मंत्र्याचं काहीतरी जुनंपानं करतो."

"बरं," वन्सं म्हणाल्या.

"पण आत्या, विनोद चांगला होता."

"होता."

तेवढ्यावर त्याचं समाधान झालं. मी त्याला बळेच चहा पाजला. माझा जीव भांड्यात पडला होता, मला वाटलं, संपलं प्रकरण. वळून बघते तर वन्सं चपला घालत होत्या.

"आता कुठे?"

"तिच्याकडे. सांगायला."

"अहो पण फुटलं नाही ना काही! कशाला उगीच अंगावर ओढवून घेताय? तिला कळणारसुद्धा नाही."

"त्याला सांगितलं, जे तुझं नाही ते ठेवून घेऊ नकोस. आता मी हे पोटात ठेवून दर मंगळवारी तिच्या डोक्याला हात लावू?" आणि मग जरा थांबून, "तू येतेस का?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी ओल्या हातानं निघाले.

महाराणीचं घर मोठं होतं, पण तिनं आम्हाला बसवलं ते मागच्या एका लहान खोलीत. एक पलंग, एक खुर्ची, खिडकीत औषधांच्या बाटल्या. टाळीबिळी काही नाही, दार तिनंच उघडलं. डोक्याला रुमाल होता. पडद्यावर डोंगराएवढी दिसणारी बाई माझ्या खांद्याएवढी निघाली.

वन्सं बसल्या नाहीत. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सहीचं, मुलाखतीचं, पिपाणीचं. "त्यानं विनोद काढून टाकलाय. पण चूक त्याची नव्हती, माझी होती. माझ्या मिरवण्यापायी तुमचं झाकलेलं उघडं पडलं. तुम्हाला दुसरीकडून टोप करून घ्यायचा असेल तर मी चांगल्या हाताचं माणूस सुचवते."

महाराणीनं खिडकीतली एक बाटली सरळ केली. मग हळू आवाजात, त्या तिच्या आवाजात, विचारलं, "किती जणांना माहीत आहे?"

"दोघांना. एक तो. एक ही, माझी भावजय."

तिनं माझ्याकडे बघितलं. मला खरंच घाम फुटला.

"विनोद काय होता?"

वन्संना विनोद सांगता येत नाही. कधीच आला नाही. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, "हिला येतो." कर्म माझं! आजारी बाईच्या खोलीत, तिच्याच तोंडासमोर, तिचीच नक्कल? मी नाही म्हणून बघितलं. महाराणी म्हणाली, "करा." ते असं म्हणाली की माझे हात आपोआप वर गेले. टाळी, चहा. टाळी, गाडी. टाळी, केस. वन्संच्या हातातली पिशवी घेऊन तिचा टोप केला आणि त्या पिशवीवर कशीबशी ओरडले, "इतका उशीर? कुठे होतात?"

ती हसली नाही. मान वाकडी करून, शिंपी कापडाकडे बघतो तसं बघत होती.

"शेवट चुकलाय," ती म्हणाली. "मी ओरडत नाही. दोन वर्षं नक्कल करतोय माझी, एवढं कळू नये? मी ओरडणार नाही. मी केसांकडे बघेन. थोडी थांबेन. आणि हळूच म्हणेन, 'उशीर झाला तुम्हाला. पुन्हा असं झालं तर तुमच्या जागी दुसरे ठेवीन.'"

अगं बाई! क्षणभर मी आवरलं, मग माझा बांधच फुटला. आणि मी हसतेय बघून तीही हसायला लागली, आधी खांद्यांनी, मग मोठ्यानं, रुमाल सरकला तरी तिचं लक्ष नव्हतं. रुमालाखाली काहीच नव्हतं. मी हसत होते आणि मला रडू येत होतं, दोन्ही एकदम.

वन्संनी कात्री काढली. "टोप द्या. तो केस तेवढा काढून टाकते."

तिनं उशाशी ठेवलेल्या टोपावर हात ठेवला. "राहू दे. यातले बाकीचे सगळे मी विकत घेतलेत. तो एक कोणीतरी आपल्या डोक्यावरचा दिलाय. आणि तो कानामागे अजून थोडा आत बांधा, म्हणजे झालं."

निघताना ती म्हणाली, "त्याला सांगा, विनोद टाकून देऊ नकोस. मी लोकांना सांगेन, माझ्या वेळेला, माझ्या तोंडानं. त्यानंतर कर. पण मी समोर बसलेली असताना. मेल्यावर नको. मेल्यावर सगळे फार गोड बोलतात."

त्यानंतरचे महिने कसे गेले ते सांगत नाही. मंगळवार चुकला की वन्संचं कामात लक्ष लागायचं नाही. मध्ये पाच मंगळवार सलग चुकले. पिपाणीला निरोप तेवढा दिला, आजाराचं काही सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. मग एके दिवशी महाराणीनं वर्तमानपत्रात स्वतः सगळं लिहिलं, आजार, औषधं, टोप, सगळं. पिपाणी ते पान हातात घेऊन आमच्याकडे आला आणि स्टुलावर नुसता बसून राहिला. जाताना वन्संच्या पाया पडला. मी म्हटलं, "अरे, माझ्या पण पड, मी पण होते!"

आणि अखेर तो शुक्रवार आला. आम्ही तिसऱ्या रांगेत होतो. महाराणी पहिल्या रांगेत येऊन बसली. रुमाल नाही, टोप नाही. डोक्यावर बोटभर केस उगवले होते, बरेचसे पांढरे, मुलासारखे उभे. सगळं सभागृह उठून उभं राहिलं. ती बसली आणि हातानं सगळ्यांना बसवलं.

पिपाणी आला, टोप घालून, मान ताठ करून. टाळी, चहा. लोक हसले. टाळी, गाडी. आणखी हसले. मग त्यानं टोप काढला, टाळीसाठी हात वर केले, आणि समोर बघितलं. तिच्या डोक्याकडे. हात तसेच राहिले. ओठ हलेनात. हा पिपाणी, ज्यानं मंत्र्याला त्याच्या वाढदिवशी रडवलं होतं, तो लहान पोरासारखा ओठ चावत उभा राहिला. वन्संनी माझा हात असा दाबला की बांगडी रुतली.

पहिल्या रांगेतून टाळी आली. एकच.

महाराणी उठली. पिपाणीकडे बघत म्हणाली, "इतके महिने थांबले मी, आणि तू ऐन वेळी माती खाल्लीस?" मग लोकांकडे तोंड केलं. हात वर नेला, आपल्या त्या बोटभर केसांवरून फिरवला. थांबली. आणि अगदी हळू, त्या केसांनाच सांगितल्यासारखं म्हणाली, "उशीर झाला तुम्हाला. पुन्हा असं झालं तर तुमच्या जागी दुसरे ठेवीन."

छप्पर उडालं. लोक हसत होते, रडत होते, खुर्च्या बडवत होते. पिपाणी मंचावर खाली बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होता. मी शिट्टी वाजवली, या वयात, खरंच वाजवली.

शेजारी बघते तर वन्संची खुर्ची रिकामी. घाबरून बाहेर धावले. त्या पायऱ्यांवर बसल्या होत्या, पदर डोळ्यांना लावून. मी शेजारी टेकले. आतून हसण्याचा आवाज अजून येत होता.

"काय झालं हो वन्सं?"

त्यांनी नाक पुसलं. "गिऱ्हाईक गेलं आपलं," म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून लहान मुलीसारख्या हसायला लागल्या.